सेन्यचे उस्कोक: गाणं, कादंबरी आणि १६१७चा करार

उस्कोक म्हणजे तुर्कांशी लढणारे, समुद्रावर लूट करणारे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे सरहद्दीचे लढवय्ये. ते एका क्रोएशियन कादंबरीत आले ते १८७०च्या दशकात, पण गुस्ले या तंतुवाद्यावरच्या गाण्यांतून ते त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव फिरत होते. १५३७ला क्लिसचा किल्ला तुर्कांकडे गेला आणि तिथले लढवय्ये उत्तरेला किनाऱ्यावरच्या सेन्यला येऊन राहिले. त्यांना सरहद्दीवर ठेवणाऱ्या हॅब्सबर्ग सम्राटांचा पगार कधी वेळेवर यायचा नाही, मग समुद्रावर लूट, आणि त्यात तुर्कांच्या मालाबरोबर व्हेनिसची जहाजंही सापडायची.

खरा वाद आहे तो या लोकांना सेन्यमधून उठवण्याचा. पहिला प्रयत्न १६०१चा. सम्राटाचा कमिशनर आला, काहींना फाशी दिलं, बऱ्याच जणांना आत डोंगराकडे पाठवलं, आणि वर्ष संपता संपता उस्कोकांनी त्यालाच मारलं. वर सांगितलेली कादंबरी याच काळात घडते. पण १६१५ला व्हेनिसशी युद्ध पेटलं आणि १६१७च्या माद्रिद कराराने विषय संपवला: जहाजं जाळायची, उस्कोकांना किनाऱ्यापासून हलवायचं. कुटुंबं ओतोचाट्स, झुम्बेराक अशा आतल्या भागात गेली. व्हेनिसच्या व्यापाराला त्रास होता हे मान्यच, पण ज्यांना सरहद्द राखायला बसवलं, पगाराविना ठेवलं, त्यांनाच तहात देऊन टाकलं, हा अन्याय होता असं मला ठामपणे वाटतं.

गाण्यांत यातलं काही नाही. गाण्यांतला उस्कोक नायक इवो सेन्यानिन, त्याच्या गाण्यात आईला स्वप्न पडतं की सेन्यवर अंधार उतरलाय, आणि मग इवो तुटलेला उजवा हात डाव्या हातात धरून घरी येतो आणि मरतो. ज्या सरदारावरून हा इवो आला असं सहसा मानतात, त्याला १६१२ला कार्लोवाट्समध्ये त्याच्याच सरकारने देहदंड दिला. गाण्याला समोर शत्रू लागतो आणि घरी आई लागते, कमिशनर आणि करार त्यात मावत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात सगळ्या दुःखाचं कारण एकटा तुर्कच राहतो आणि आपल्याच दरबाराने काय केलं ते दप्तरात पडून राहतं. कादंबरीकाराला ते दप्तर उघडावंच लागतं.

पुढे १८८१ला लष्करी सरहद्द, म्हणजे तुर्की सीमेलगतचा लष्कराच्या कारभाराखालचा हॅब्सबर्ग पट्टा, मोडून तो मुलूख नागरी कारभारात आला. १९९१ला याच भागातून क्रोएट कुटुंबं हाकलली गेली, १९९५ला सर्ब कुटुंबं ट्रॅक्टरवर सामान लादून निघाली, आणि त्यानंतर सेन्यची जुनी गोष्ट फक्त पराक्रमाची म्हणून वाचणं अवघड झालं. त्यात ही गाणी एकट्या क्रोएट लोकांची नाहीत, सर्ब संग्रहांत इवो आहेच, शिवाय बोस्नियाच्या मुस्लिम गायकांच्या गाण्यांत मुयो आणि हलील हे भाऊ नायक आहेत आणि सेन्य म्हणजे शत्रूचं गाव. १९३४-३५ला अमेरिकन संशोधकांनी सर्बियातल्या नोवी पाझारला मुस्लिम सरहद्दीची अशीच लांबच लांब गाणी रेकॉर्ड केली. सेन्यवर लिहिणाऱ्या कादंबरीकाराने तीही ऐकायला हवीत.