‘कॅलिगरी’च्या चौकटीचा वाद : पार्श्वभूमी

१९१६ मध्ये जर्मनीने परदेशी चित्रपटांची आयात रोखली. युद्ध संपलं तरी ही बंदी १९२० अखेरपर्यंत टिकली. आधी डॅनिश आणि फ्रेंच चित्रपटांवर चालणारी थिएटरं आता देशी निर्मात्यांनाच भरायची होती. टंचाई सगळ्याची, गिऱ्हाईक मात्र हमखास.

‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ हा जर्मन मूकपट १९१९-२० च्या हिवाळ्यात बर्लिनच्या वायसेनझे भागात चित्रित झाला. स्टुडिओ एवढासा, की बहुतेक सेट सहा मीटरपेक्षा रुंद किंवा खोल नव्हते. कॅनव्हासवर घरं, उजेडाचे पट्टे आणि सावल्यासुद्धा रंगवल्या. विजेच्या टंचाईमुळे, असं सरसकट सांगतात. ते अपुरं वाटतं. रंगवलेली सावली हलत नाही. नटावर बाजूने जोरदार दिवा टाकला की त्याची खरी सावली तिच्या उलट दिशेला पडते आणि बनाव उघडा पडतो. म्हणून प्रकाश बहुतांशी समोरून, सपाट. ॲलन या पात्राच्या खुनाच्या प्रसंगातली भिंतीवरची खरी सावली हा अपवाद.

खरा वाद चौकटीचा, म्हणजे मुख्य गोष्टीला सुरुवातीला आणि शेवटी वेढणाऱ्या कथेचा आहे. शेवटी निवेदक वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण निघतो आणि त्याच्या गोष्टीतला जुलमी डॉक्टर भला ठरतो. युद्धात माणसांना मरायला पाठवणाऱ्या सत्तेवर आपण बोट ठेवलं होतं, निर्मितीवाल्यांनी चौकट लादून ते बोथट केलं, असं दोन पटकथाकारांपैकी एकाने पुढे मांडलं. अमेरिकेत गेलेल्या एका जर्मन समीक्षकाने १९४७ मध्ये त्याच आधारावर हुकूमशहाकडे सरकणाऱ्या समाजमनाचा सिद्धांत उभा केला. प्रमुख नटाने जपून ठेवलेली पटकथेची प्रत नंतर संग्रहालयाकडे आली आणि १९९५ मध्ये छापली गेली. तिच्यात चौकट आहेच! फक्त ती इस्पितळातली नाही: निवेदक आणि त्याची बायको पाहुण्यांना जुनी हकीकत सांगतात. म्हणजे शेवट बदलला हे खरं. पण मूळ पटकथा चौकटीविना होती, हे खोटं. सिद्धांत त्याने कोसळत नाही, लंगडतो नक्कीच. तरी पाठ्यपुस्तकांत जुनीच कथा फिरते.

समाजमनाच्या चर्चेत चलनाचा मुद्दा मागे पडतो. खर्च घसरत्या मार्कात आणि विक्री परकीय चलनात, म्हणून असे धाडसी प्रयोगही परवडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये नवं चलन आलं, निर्यातीतला हा फायदा गेला आणि अमेरिकी चित्रपटांची रीघ लागली. डिसेंबर १९२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने दोन अमेरिकी स्टुडिओंकडून ४० लाख डॉलरचं कर्ज घेतलं. बदल्यात आपल्या थिएटरांतले खेळ त्यांना द्यावे लागले.