डिफरन्शियल लॉक (बर्फावरील वाहनचालन)

डिफरन्शियल लॉक : एकाच अ‍ॅक्सलवरची डावी-उजवी चाके एकमेकांना जखडून दोन्ही एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बर्फात अडते तेव्हा इंजिनाची ताकद सहसा पुरेशी असते. ती घसरणाऱ्या चाकाच्या मर्जीवर अडकलेली असते.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून साधे, म्हणजे ‘ओपन’, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधला दातेरी चाकांचा संच) दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) दोघांना सारखाच वाटते. गोम इथेच आहे. १,८०० किलोची गाडी धरू, प्रत्येक चाकावर ४५० किलो. घर्षणांक खडीवर ०.५ आणि ओल्या, चकाकत्या बर्फावर ०.१ मानला, तर बर्फावरचे डावे चाक ४५ किलोच्या जोरालाच गरगरू लागते आणि खडीवरच्या उजव्यालाही तेवढेच मिळतात. दोन्ही अ‍ॅक्सलचे मिळून १८० किलो झाले, म्हणजे दहास एक चढावर गाडी जेमतेम तग धरेल. मागचा लॉक लावला की मागचे उजवे चाक आपले २२५ किलो वापरू शकते. एकूण जोर ३६० किलोवर, दुप्पट जातो. चारही चाके त्याच काचेसारख्या बर्फावर असतील तर मात्र लॉकने काहीच वाढत नाही. पकड टायर आणि चेन देतात. लॉक फक्त असलेली पकड वाया जाऊ देत नाही.

‘फोर बाय फोर’ लावले की चारही चाके ओढतात, हा समज म्हणूनच अपुरा आहे. पार्ट-टाइम, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह गरजेपुरतेच लावायच्या, गाडीत ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडते, पण अ‍ॅक्सलमधली डिफरन्शियल मोकळीच असतात. पुढचे एक आणि मागचे एक चाक गरगरले, की गाडी जागच्या जागी.

लॉकचे प्रकार अनेक आहेत. चालकाने लावायचा लॉक हवेवर, विजेवर किंवा लिव्हरवर चालतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे तो येतो. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागे ईटनचा आपोआप लागणारा यांत्रिक लॉक असतो : दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो जखडतो, ताशी साधारण ३० किमीच्या वर लागत नाही. टॉर्सन प्रकारचे डिफरन्शियल पकड असलेल्या चाकाला काही पटींत जास्त टॉर्क देते. पण दुसरे चाक हवेत लोंबकळत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून त्या चाकाला अडवावे लागते. बर्फासाठी चालकाच्या हातातला लॉक सर्वांत भरवशाचा, कारण तो काढताही येतो.

आणि बर्फावर काढणे हे लावण्याइतकेच महत्त्वाचे. ओपन अ‍ॅक्सलवर एक चाक गरगरत असताना दुसरे शांत असते आणि गाडीला आडवे धरून ठेवते. लॉक लावल्यावर दोन्ही एकदम घसरली, की आडवी पकडही जाते आणि दरीकडे उतरत्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग खाली सरकतो. पुढचा लॉक लावला तर स्टिअरिंग जड होते, वळवूनही गाडी सरळच जाऊ पाहते आणि अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर ताण येतो. म्हणून आधी मागचा, आणि पुढचा फक्त सरळ चढावर.

अडकण्याआधी, चाके फिरत नसताना, ४-लो मध्ये (फोर-व्हील-ड्राइव्हच्या संथ, जास्त जोराच्या गिअरमध्ये) लॉक लावावा. गाडी हातभर पुढे घेऊन डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला का पाहावे. लुकलुकतो आहे तोवर लॉकचे दात पूर्ण बसलेले नसतात. दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरने, ताशी १०–१५ किमीच्या आत चालवावे. अनेक गाड्यांत लॉक लागताच एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) बंद होते, हे उतारावर विसरू नये. कोरड्या रस्त्यावर लॉक ठेवला तर टायर फरफटतात आणि शाफ्ट पिळतात. मनालीहून सोलांगमार्गे लाहौलकडे जाताना हे पदोपदी घडते : बाहेर दाबलेला बर्फ, अटल बोगद्यात ९ किमी कोरडा रस्ता, पलीकडच्या तोंडाशी पुन्हा गोठलेले पाणी. बोगद्यात शिरण्याआधी लॉक निघालाच पाहिजे. बटण दाबूनही निघाला नाही तर ताण दातांत अडकलेला असतो. सरळ रेषेत थोडे मागे-पुढे केले की सुटतो.

ताज्या, खोल बर्फात टायरची हवा ३२ वरून २२–२५ पीएसआयपर्यंत उतरवल्याने फायदा होतो, कडक बर्फावर मात्र चेनच हव्यात. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर सारखेच झिजलेले असावेत. घेरात फरक असेल तर काही प्रकारचा आपोआप लागणारा लॉक सरळ रस्त्यावरही खटखटतो.

बसवण्याचे काम बारकाईचे आहे. क्राउन-पिनियनमधली (अ‍ॅक्सलमधल्या मुख्य दातेरी चाकांच्या जोडीतली) मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून) ठेवतात आणि दातांना रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहतात. तो दाताच्या टोकाला सरकला तर गुणगुण आणि पुढे तुटफूट ठरलेली. अ‍ॅक्सलमधले ८५डब्ल्यू-१४० दर्जाचे तेल थंडीत घट्ट होते, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक बरे. हवेच्या लॉकमध्ये नळीतला दमटपणा गोठून झडप अडकते, म्हणून हवेच्या टाकीतले पाणी रोज काढावे. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात शिरला आणि त्याचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) बर्फाने बुजलेला असेल, तर आत निर्वात होऊन सीलमधून पाणी ओढले जाते. निचऱ्याचा बोल्ट सैल करून पाहावे : तेल दुधी दिसले तर त्याच मुक्कामी बदलावे.