भांगेपासून बनवलेले औषध: कायद्याची चौकट, पात्रता आणि लागणारी कागदपत्रे

रुग्णाच्या नावाने गांजा बाळगण्याचा परवाना देणारी कोणतीही अर्जप्रक्रिया महाराष्ट्रात नाही. तहसील, सेतू केंद्र किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय यांच्याकडे त्यासाठी अर्जाचा नमुनाच नसतो, त्यामुळे पैसे घेऊन 'गांजा कार्ड' काढून देतो असे कोणी म्हणाले तर तो सरळ फसवतो आहे असे समजावे. रुग्णाला कायदेशीरपणे मिळू शकते ते परवानाधारक कारखान्यात तयार झालेले आयुर्वेदिक औषध, ज्याच्या वेष्टनावर भांगेचे नाव बहुधा 'विजया' असे असते.

हा फरक कायद्याच्या व्याख्येतून येतो. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985, म्हणजे बोलीतला एनडीपीएस, यात चरस आणि भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, अर्थात गांजा, येतात. शेंड्यांशिवायची नुसती पाने व बिया त्यात येत नाहीत. तरीही पाने मोकळी आहेत असे नव्हे, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार भांगेलाही परवाना लागतो. औषध म्हणून भांगेची नोंद औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-1' अनुसूचीत विषारी द्रव्यांमध्ये आहे, आणि म्हणूनच असे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही सूचना वेष्टनावर असावी लागते.

पात्रतेसाठी उत्पन्नाची किंवा रहिवासाची अट नाही. नोंदणीकृत आयुर्वेद वैद्यांनी तपासून चिठ्ठी द्यावी, एवढेच पाहिले जाते. नांदेड व धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत, तेथील बाह्यरुग्ण विभागात सल्ला घेता येईल. जाताना ओळखपत्र, निदानाचे जुने अहवाल आणि चालू औषधांची पूर्ण यादी न्यावी. ही यादी लोक हमखास विसरतात, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची असते: भांगेतील कॅनाबिडिओल हा घटक फिट्सवरील क्लोबाझमचा परिणाम वाढवतो, तर व्हॅल्प्रोएट या फिट्सवरील दुसऱ्या औषधासोबत घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो. गरोदरपणात किंवा मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असल्यास ते आधीच सांगावे. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, मात्रा, तारीख आणि वैद्यांचा नोंदणी क्रमांक असावा; औषध मूळ वेष्टनात, पावतीसह ठेवावे आणि प्रवासातही तसेच न्यावे. वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक नसेल तर ते घेऊ नये, मग विक्रेता कितीही ओळखीचा असो.

कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी मात्र प्रस्थापित औषध मॉर्फिन आहे, आणि एनडीपीएसमधील 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असतील तर आधी तेथील डॉक्टरांकडे वेदनाशमनाबद्दल विचारावे, आणि विजयेचे औषध घ्यायचे असल्यास तेही त्यांना सांगूनच घ्यावे.

शेतकऱ्यांसाठी एक खुलासा. एनडीपीएसच्या कलम 10 व 14 अन्वये भांगेच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देता येते आणि उत्तराखंडाने कमी नशेच्या वाणांना तशी ती दिलीही आहे. महाराष्ट्रात मात्र शेतकऱ्याने अर्ज करून मिळवावा असा परवाना सुरू झालेला नाही. कापसात किंवा तुरीत लावलेली चार झाडे 'घरच्या आजाऱ्यासाठी' असली तरी कलम 20 नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कमी वजनाच्या मालाला मिळणारी सौम्य शिक्षा लागवडीच्या गुन्ह्याला लागू होत नाही.