मोरचूद, चुना आणि विळ्याचं पातं

मिरगाच्या आधी जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत खोडांना निळसर लेप चढतो. डिंक्या रोगावरची ही बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचं सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. फवारायचं असेल तर तेवढ्याच मालाला शंभर लिटर. 'एकास एक' बागवानाला तोंडपाठ. रसायनशास्त्राचा हिशोब मात्र वेगळा निघतो. किलोभर मोरचुदाचं आम्लपण मारायला शुद्ध कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. मग उरलेला पाऊण किलो कशाला?

असा हिशोब मांडण्याची सुरुवात जर्मनीच्या येरेमियास रिख्टरपासून धरतात. अमुक आम्लाला तमुक अल्क किती लागतं, हे तो तोलून पाहत होता, आणि १७९२ साली त्यानं या विद्येला 'स्टॉइकिओमेट्री' म्हटलं. ग्रीकमध्ये 'मूलतत्त्वांचं मोजमाप'. गड्याला गणिताचं वेड होतं. आकड्यांत नसलेल्या श्रेणीही त्याला दिसायच्या. लिखाण बोजड, त्यामुळे वाचणारे थोडेच.

पुढचा पुरावा तांब्यानंच दिला. स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्तनं १७९९ मध्ये दाखवलं, की खाणीतला तांब्याचा कार्बोनेट घ्या नाहीतर प्रयोगशाळेत केलेला, घटकांचं वजनी प्रमाण तेच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेला हे पटेना. जितकं घालाल तसं प्रमाण बदलेल, असं त्याचं म्हणणं. आमटीत पाणी वाढवलं तर ती पातळ होते, पण आमटीच राहते, तसंच काहीसं. मिश्रणांपुरतं ते खरंही आहे, संयुगांना लागू नाही. कित्येक वर्षं वाद चालला. अणू अख्खेच जोडले जातात, पाव-अर्धे नाहीत, हे डाल्टननं मांडलं तेव्हा प्रूस्तच्या आकड्यांना कारण मिळालं.

बोर्डो मिश्रण मात्र या हिशोबातून आलेलं नाही. फ्रान्सच्या मेडॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. त्या वेलींवर केवडा हा बुरशीचा रोग पडलेला नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देनं १८८२ साली हेरलं. १८८५ च्या त्याच्या कृतीत आठ किलो मोरचुदाला पंधरा किलो चुना होता! पुढे गेयॉन या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोग करून त्यानं मात्रा उतरवली.

तरीही चुना जास्तच राहिला, आणि ते बरोबर आहे. बाजारातला चुना शुद्ध नसतो. पोतं उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याची परत चुनखडी होते, म्हणजे वजन भरतं, काम होत नाही. उलट मोरचूद मोकळं राहिलं तर कोवळी पालवी जळते. म्हणून जाणता माणूस तराजूवर विसंबत नाही. प्लास्टिकच्या टिपातल्या द्रावणात विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला, की विरघळलेलं तांबं अजून शिल्लक आहे. चुन्याची निवळी आणखी ओतायची, ढवळायचं, पातं पुसून परत बुडवायचं.