किशोरवयीनांचे नैराश्य, संशोधन आणि पालकांची सही

मुलांना नैराश्य येते, हेच मुळात उशिरा मान्य झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोविश्लेषणाच्या परंपरेतले अनेक तज्ज्ञ सांगत, की या वयात मन तेवढे घडलेलेच नसते, मग मोठ्यांसारखे नैराश्य येणार कुठून? शाळा बुडवणे, सततची पोटदुखी, चिडचिड यांना फार तर ‘झाकलेले नैराश्य’ म्हटले जाई. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेची तिसरी आवृत्ती आली आणि मोठ्यांचेच निकष मुलांनाही लागू झाले. आता उपचार तपासायचे, तर ते मुलांवरच तपासायला हवे होते.

पण मुलांवरच्या संशोधनाचा पूर्वेतिहास काळा होता. नाझी डॉक्टरांच्या मानवी प्रयोगांवरील खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने सहभागी व्यक्तीची स्वेच्छेची, कायद्याने ग्राह्य संमती अनिवार्य केली. शब्दशः वाचले तर मुले बाहेरच. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकांच्या संमतीची वाट ठेवली. मात्र न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना १९५० च्या दशकापासून मुद्दाम कावीळ देऊन अभ्यास चालला होता, आणि तिथे पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या! सही असली म्हणजे मूल सुरक्षित, हा समज तिथेच निकालात निघतो. पुढे संशोधनातल्या सहभागींच्या संरक्षणासाठी नेमलेल्या अमेरिकी राष्ट्रीय आयोगाच्या १९७७ च्या अहवालाने आणि १९८३ च्या अमेरिकी नियमांनी पालकांच्या परवानगीला मुलाच्या स्वतःच्या होकाराची जोड दिली.

नैराश्याच्या बाबतीत खरी अडचण इथून सुरू होते. ज्याने घरी काहीच सांगितलेले नाही, त्या मुलाने आईवडिलांची सही आणायची कशी? जे सही आणू शकतात, त्यांच्या घरात निदान बोलणे तरी होते. म्हणजे अभ्यासात येणारी मुले आणि ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा ती मुले, यांत सुरुवातीपासूनच फरक पडतो. परवानगीची अटच मुलाच्या हिताची नसेल, तर ती शिथिल करण्याची सोय अमेरिकी नियमांत आहे. तरी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्या ती वापरताना कचरतात. विलोब्रुकनंतर त्यांना सर्वस्वी दोषही देता येत नाही.

औषधांच्या चाचण्यांनी धास्ती वाढवली. २००४ साली अमेरिकेतल्या १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत औषध आणि समुपदेशन एकत्र दिल्यावर सर्वांत चांगला परिणाम दिसला. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी गोळ्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापायला लावला: एकत्रित चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन गोळ्या घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत आढळले, दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांत. एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती, पण पालकांच्या लक्षात राहिला तो इशारा.

तंत्रज्ञानाची वाट याआधीच सुरू झाली होती. शिकागोजवळच्या एका शाळेतल्या ७५ विद्यार्थ्यांना चिकसेंटमिहाय आणि लार्सन या मानसशास्त्रज्ञांनी आठवडाभर पेजर दिले होते. तो दिवसभरात अवचित वाजे. मुलाने तिथल्या तिथे वही काढून कुठे आहोत, कोणाबरोबर, डोक्यात काय चालले आहे, मनःस्थिती कशी, हे भरायचे. आज फोनवर येणाऱ्या ‘कसं वाटतंय?’ या विचारणेचा हा पूर्वज. २०१२ साली न्यूझीलंडच्या ‘स्पार्क्स’ या संगणकीय खेळाची चाचणी १२ ते १९ वयाच्या १८७ जणांवर झाली आणि तो नेहमीच्या उपचाराइतकाच उपयोगी ठरला. पण ही मुले मदत मागायला आधीच दवाखान्यात किंवा शाळेच्या समुपदेशकाकडे पोहोचलेली होती. २०१७ च्या ‘वोबॉट’ या संवादी कार्यक्रमाच्या चाचणीत तर सगळे ७० सहभागी १८ ते २८ वयाचे होते.

आता समाजमाध्यमांवर जाहिरात देऊन मुले थेट गाठता येतात, आणि जबाबदारीही तिथेच वाढते. नैराश्याच्या प्रचलित प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. एखाद्या मुलीने रात्री दोन वाजता फोनवर त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ निवडले, तर ते कोण वाचणार, किती वेळात फोन करणार, घरी कळवणार का, हे भरतीआधी ठरलेले असावे लागते. आणि गुपित कुठवर राखले जाईल, हे तिने होकार देण्यापूर्वीच तिला सांगावे लागते.