जेट की टर्बोप्रॉप : निवड कराडच्या धावपट्टीवरून

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या उद्योजकाने स्वतःचे छोटे विमान घेण्याचा विचार बोलून दाखवला, की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘जेट घेणार की पंख्याचे?’ विचारणाऱ्याच्या मनात पंख्याचे विमान म्हणजे जुने, संथ आणि थोडेसे कमी प्रतिष्ठेचे असते. प्रत्यक्षात टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर चालणारे पंख्याचे विमान, आणि जेट ही एकाच घराण्यातली यंत्रे आहेत. दोन्हींच्या पोटात टर्बाइन, म्हणजे तप्त वायूच्या झोताने फिरणारे चक्र, असते आणि दोन्हींना विमानाचे तेच रॉकेलसारखे इंधन लागते. फरक इतकाच, की टर्बोप्रॉपमध्ये टर्बाइनची बहुतेक ताकद गिअरमार्फत बाहेरचा मोठा पंखा फिरवण्यात खर्च होते, तर आजच्या छोट्या जेटमध्ये ती आवरणाच्या आतला लहान पंखा आणि मागे फेकला जाणारा झोत यांना मिळते. म्हणजे पंखा जेटलाही असतो. तो फक्त झाकलेला असतो.

वेगाच्या बाबतीतही सीमारेषा समजली जाते तितकी स्पष्ट नाही. सिरस कंपनीचे एका इंजिनाचे व्हिजन जेट ताशी सुमारे ५७५ किलोमीटर वेग गाठते, तर दाहेर कंपनीचे टीबीएम हे टर्बोप्रॉप ताशी सुमारे ६१० किलोमीटरपर्यंत जाते. सेसना एम-टू किंवा एम्ब्रेयरचे फेनम १०० यांसारखी दोन इंजिनांची जेट विमाने मात्र ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे जातात आणि ४१,००० फुटांपर्यंत चढू शकतात. पिलाटस पीसी-१२ हे लोकप्रिय टर्बोप्रॉप ३०,००० फुटांवर थांबते. जेटचा खरा फायदा त्या उंचीवरच्या विरळ हवेत असतो आणि तिथवर चढण्यात बराच वेळ व इंधन जाते, त्यामुळे प्रवास आखूड असेल तर तो फायदा हाती लागत नाही. कराडहून मुंबई सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही. तिथे जेट पाच-दहा मिनिटे वाचवील. सुमारे तेराशे किलोमीटरवरच्या दिल्लीला मात्र पाऊण तासाच्या आसपास बचत होते आणि ती नजरेत भरण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्दा, धावपट्टीचा. कराडची धावपट्टी सुमारे १,२८० मीटर लांब आहे. माहितीपत्रकात पीसी-१२ ला उड्डाणासाठी साधारण ७६० मीटर आणि एम-टूला साधारण ९८० मीटर लागतात असे लिहिलेले असते, आणि ते वाचून दोन्ही विमाने कराडला आरामात बसतील असे वाटते. मात्र हे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. कराड साडेपाचशे मीटरांहून उंचावर आहे, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या दृष्टीने सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते. इंजिनाची ओढ घटते, पंखांना पुरेशी उचल मिळण्यासाठी जास्त वेग लागतो आणि अंतर झपाट्याने वाढते. अशा दुपारी भरलेले छोटे जेट कराडहून निघेल असे मी तरी गृहीत धरणार नाही. प्रवासी किंवा इंधन कमी करणे, नाहीतर पहाटे निघणे, हेच पर्याय उरतात. उतरतानाही टर्बोप्रॉपची बाजू वरचढ ठरते, कारण पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करून विमानाला मागे रेटता येते. एम-टू, फेनम १०० यांसारख्या छोट्या जेटना उलट रेट्याची सोय नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

याचा अर्थ या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येकाने टर्बोप्रॉपच घ्यावे असा नाही. साताऱ्याच्या मालकाला कराड पन्नासेक किलोमीटरवर आहे, तर कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ सव्वाशेच्या आसपास. जेट तिथे ठेवले तर हवेत वाचवलेली मिनिटे महामार्गावरच खर्ची पडतील. सांगलीकराचे गणित उलटे आहे. कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही आणि त्याला कराडपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. तिथली धावपट्टी कराडपेक्षा बरीच लांब असल्याने, वरचेवर दिल्लीला जाणाऱ्या सांगलीच्या मालकाने जेटचा विचार करणे अवास्तव ठरत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दोन इंजिनांचे छोटे जेट ताशी पीसी-१२ च्या दीडपट ते दुप्पट इंधन पिते, आणि दोन इंजिने म्हणजे देखभालही दोनदा. खासगी वर्गात नोंदलेल्या विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा वेगळा परवाना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर ४० टक्के जीएसटी लागू झाल्याने खासगी आणि भाड्याच्या वापरातला फरक खरेदीपूर्वीच पाहावा लागतो. ‘मधल्या काळात भाड्याने देऊ’ असे म्हणणारे बरेच जण इथेच अडखळतात.

विक्रेता माहितीपत्रक पुढे करील, तेव्हा त्याच्याकडे विमानाची उड्डाण-पुस्तिका मागावी आणि ३८ अंश तापमान, कराडची उंची, सहा प्रवासी व मुंबईला जाऊन परत येण्याइतके इंधन धरून उड्डाणाचे अंतर आपल्यासमोर काढून घ्यावे. तोच आकडा, धावपट्टीवर धावत असतानाच उड्डाण सोडून द्यावे लागले तर विमान थांबण्यासाठी लागणाऱ्या अंतरासह, लेखी मागावा.