घोडनदीकाठची नऊशे वर्षं

शिरूर तालुक्यातलं इनामगाव घोडनदीच्या काठी वसलंय. आज या पट्ट्यात उसाचे फड दिसतात. इथलं पहिलं गाव मात्र इ.स.पू. १६०० च्या सुमाराचं, आणि ते इ.स.पू. ७०० पर्यंत नांदतं होतं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तपभराहून अधिक काळ इथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणली. शंभरावर घरं उजेडात आली.

जोर्वे संस्कृती म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची संस्कृती. तिच्या सुरुवातीची घरं चौकोनी, ऐसपैस. कुडाच्या भिंती, आत चूल, धान्याला कणग्या आणि पेवं. मुख्य पीक सातू. जोडीला गहू, मसूर, हुलगा. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला, बांध घातला. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. गाव एकत्र आल्याशिवाय ते होत नाही. पाच खोल्यांचं एक घर बहुधा गावच्या प्रमुखाचं असावं, कारण धान्याचं कोठार त्याच्या शेजारीच होतं.

मन अडकतं ते घरांच्या जमिनीखाली. तान्ही मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत बाळाला निजवत आणि घरातच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असं अभ्यासक मानतात. प्रमुखाच्या त्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. त्याचा मान वेगळा होता, हे आजही कळतं.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. गहू जवळपास दिसेनासा झाला, हरणांची हाडं वाढली. इथल्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध घटत्या पावसाशी जोडला: शेती पिकेना, तशी माणसं गुरं आणि शिकारीकडे वळली. पुढच्या अभ्यासकांनी फक्त पावसाला जबाबदार धरण्यावर प्रश्न उभे केले. मला ही चर्चा मोलाची वाटते, कारण तिचा पुरावा लहान मुलांच्या हाडांत आहे. उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते.

घरं आक्रसली, ताटातलं अन्न बदललं. पण त्या गोल झोपड्यांच्या जमिनीखालीही तोंडाला तोंड लावलेली मडकी सापडतातच.